कागदावरून आलेलं ग्रीस

हर्क्युलेनियमच्या एका भिंतीवर ब्राँझच्या अक्षरांचा शिलालेख होता. खोदकाम करणाऱ्यांनी ती अक्षरं एकेक करून उपटली, टोपलीत टाकली आणि ती टोपली नेपल्सच्या राजापुढे नेऊन ठेवली. भिंतीवर काय लिहिलं होतं, हे उपटण्याआधी कोणी उतरवून घेतलं नव्हतं. पाहणाऱ्यांनी विचारलं, याचा अर्थ काय? उत्तर देणारा कोणीच नव्हता. योहान योआकिम विंकेलमान या जर्मन विद्वानानं 1762 मध्ये हा प्रकार जाहीर पत्रात लिहून छापला, तेव्हा नेपल्सचा दरबार त्याच्यावर भयंकर चिडला.

इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकानं हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई ही दोन रोमन शहरं एकदम गाडली. पॉम्पेईवर राख आणि हलके दगड पडले. हर्क्युलेनियमवर मात्र वीसेक मीटर जाडीचा लोंढा येऊन दगडासारखा घट्ट झाला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वरच्या रेझिना गावात विहीर खणताना संगमरवर लागला. 1738 मध्ये नेपल्सचा राजा चार्ल्स यानं तिथं रीतसर खोदकाम सुरू केलं. काम सोपवलं ते रोके दे अल्कुबिएरे या स्पॅनिश लष्करी इंजिनिअरकडे. त्यानं खाणीत करतात तसं केलं. खाली उतरायचं, बोगदे पाडायचे, हाती लागेल ते वर काढायचं आणि काम झालेले बोगदे पुन्हा बुजवायचे. राबायला कैदी होते. भिंतीवरची चित्रं गिलाव्यासकट कापून काढली जात आणि चौकटीत बसवून पोर्तिचीच्या राजवाड्यात लावली जात. 1748 पासून पॉम्पेईतही खोदकाम सुरू झालं. पण हीच ती पॉम्पेई, याची खात्री 1763 मध्ये एक शिलालेख सापडला तेव्हा पटली.

पोर्तिचीच्या संग्रहात पाहुण्यांना चित्रं पाहता येत, त्यांची नक्कल मात्र करता येत नसे. कागद-पेन्सिल बाहेर काढली की पहारेकरी अडवत. राजाला त्यावर स्वतःचा ग्रंथ काढायचा होता. ‘हर्क्युलेनियमचे पुरावशेष’ या नावानं त्याचा पहिला खंड 1757 मध्ये निघाला आणि 1792 पर्यंत आठ खंड झाले. सुरुवातीला हा ग्रंथ विकतही मिळत नसे. राजा ज्याच्यावर प्रसन्न होईल त्याला तो भेट म्हणून मिळे. तरीही तो युरोपभर फिरलाच. ज्यांना नेपल्सला जाता आलं नाही, ज्यांनी पोर्तिचीचा उंबरा कधी ओलांडला नाही, अशा चित्रकारांच्या, सुतारांच्या, गिलावा करणाऱ्यांच्या हाती ती चित्रं पडली. मात्र ती ताम्रपटावर कोरून काळ्या शाईत छापलेली होती. रंग मागेच राहिले, रेषा पुढे आली.

युरोपातल्या नवअभिजात शैलीबद्दल पुस्तकांत बरंच लिहिलेलं असतं. बरोक आणि रोकोकोच्या अतिसजावटीचा कंटाळा, विवेकवादाचा उदय, क्रांतीची हवा, ही सगळी कारणं खरीच आहेत. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की कागदावर प्रवास करून जग व्यापणारी एवढी मोठी शैली त्याआधी झाली नव्हती. ग्रीस पाहिलेले लोक त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. बाकी सगळ्यांनी ग्रीस छापील पाहिलं. या शैलीचे गुण त्यातून आले आणि तिचे घोटाळेही त्यातूनच झाले.

एक चित्र घेऊ. नेपल्सजवळच्या स्टाबिए भागात 1759 मध्ये एक छोटं भित्तिचित्र सापडलं. एक बाई पिंजऱ्यापाशी बसली आहे. तिनं पिंजऱ्यातून पंखवाला बाळ-कामदेव पंखांना धरून उचलला आहे, बाजारात कोंबडी उचलून दाखवतात तसा. समोर गिऱ्हाईक आहे. राजाच्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात, 1762 साली, हे चित्र छापून आलं. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या सलों या चित्रप्रदर्शनात जोझेफ-मारी व्हियाँ या चित्रकारानं त्याच विषयावरचं स्वतःचं चित्र लावलं. त्याच्यासमोर होतं ते छापील चित्र. त्यानं पिंजऱ्याऐवजी टोपली केली, विकणारीला गुडघ्यावर बसवलं, मागे गुळगुळीत दगडी भिंत आणि चौकोनी अर्धखांब घातले, जवळच एक प्राचीन घाटाची धूपदाणी ठेवली. रंग त्याचे त्यानंच ठरवले, कारण मूळ रंग कागदावर नव्हतेच. प्रेक्षक खूश झाले. पॅरिसमध्ये फर्निचरपासून केसांच्या रचनेपर्यंत सगळं ‘ग्रीक पद्धतीचं’ करण्याची टूम तेव्हा आलीच होती. या व्हियाँचा एक शिष्य 1775 मध्ये गुरूबरोबर रोमला गेला. त्याचं नाव जाक-लुई दाव्हिद. त्याच्याकडे पुढे वळू.

आधी विंकेलमान. जन्म 1717, प्रशियातल्या श्टेंडाल गावचा, बाप चांभार. दारिद्र्यात शिकला, शाळामास्तर झाला, मग ड्रेस्डेनजवळच्या एका सरदाराच्या ग्रंथालयात नोकरीला लागला. ग्रीक वाङ्मय त्यानं रात्री जागून वाचलं. 1755 मध्ये त्यानं ग्रीक कलाकृतींच्या अनुकरणावर एक छोटं पुस्तक लिहिलं. ग्रीकांची थोरवी साधेपणात आणि शांतपणात आहे, समुद्र वर कितीही खवळला तरी खोल पाणी स्थिर राहतं तसं ग्रीक मूर्तीचं मन यातनेतही स्थिर असतं, हे त्याचं म्हणणं. त्याच वर्षी तो रोमला पोचला, पुढे कार्डिनल आल्बानीचा ग्रंथपाल झाला, पोपच्या राज्यातल्या पुरावशेषांचा अधिकारी झाला. 1764 मध्ये त्याचा प्राचीन कलेचा इतिहास निघाला. कलेला बाल्य, यौवन, प्रौढपण, ऱ्हास असतो आणि तो त्या समाजाच्या हवामानाशी, राज्यपद्धतीशी, स्वातंत्र्याशी जोडलेला असतो, ही मांडणी इतक्या पद्धतशीरपणे त्याच्याआधी कोणी केली नव्हती. कलेच्या इतिहासाचं शास्त्र तिथून सुरू झालं असं म्हणतात, आणि ते योग्यच आहे.

पण विंकेलमान ग्रीसला कधीच गेला नाही. निमंत्रणं आली, बेत झाले, राहून गेले. ज्या मूर्तींवर त्यानं भरभरून लिहिलं त्यांतल्या बऱ्याच ग्रीक मूर्तींच्या रोमन काळातल्या नकला होत्या. शतकानुशतकं मातीत राहून त्यांचा रंग उडाला होता. त्यानं त्या पांढऱ्या पाहिल्या आणि शरीर जितकं पांढरं तितकं सुंदर, असं लिहूनही ठेवलं. 1768 च्या जूनमध्ये त्रिएस्तच्या एका खानावळीत शेजारच्या खोलीतल्या माणसानं त्याचा खून केला. तेव्हा तो पन्नास वर्षांचा होता. त्याच्या पुस्तकांची भाषांतरं मात्र होत राहिली, आणि त्याचं पांढरं ग्रीस त्याच्याहून दूर गेलं.

खरं ग्रीस मोजायला गेले ते दोन इंग्रज, जेम्स स्टुअर्ट आणि निकोलस रेव्हेट. या दोघांबद्दल मला फार आदर आहे. स्टुअर्ट एका खलाशाचा मुलगा. पोरवयात लंडनमध्ये पंख्यांवर चित्रं काढून घर चालवलं आणि इटलीपर्यंतची बरीचशी वाट पायी तुडवली. 1748 मध्ये रोममध्ये असताना दोघांनी ठरवलं, की अथेन्सच्या इमारती इंचाइंचानं मोजायच्या आणि छापायच्या. 1751 च्या मार्चमध्ये ते अथेन्सला पोचले. अथेन्स तेव्हा ऑटोमन साम्राज्यातलं एक लहान गाव होतं. अक्रोपोलिसवर किल्ला, किल्ल्यात शिबंदी, पार्थेनॉनच्या आत मशीद. 1687 मध्ये व्हेनिसच्या तोफांनी पार्थेनॉनमध्ये साठवलेली दारू उडवली तेव्हापासून ते देऊळ मधोमध फुटलेलं होतं. ‘वाऱ्यांचा मनोरा’ म्हणतात त्या अष्टकोनी इमारतीत दरवेशी गिरक्या घेत नाचत. स्टुअर्टनं चित्रात तेही दाखवलं आहे. लिसिक्रेटीसचं स्मारक कॅप्युचिन साधूंच्या मठात अडकलं होतं.

इथं दोघांनी दोन वर्षांहून अधिक काळ मोजमाप केलं. बरोबर पितळेची तीन फुटी मोजपट्टी होती. लंडनचे नावाजलेले उपकरणकार जॉन बर्ड यांनी तिच्यावर बारीक खुणा कोरून दिल्या होत्या. खांबाचा व्यास, खाचांची खोली, कंगोऱ्याची वळणं, सगळं इंच आणि इंचाच्या भागांत. रेव्हेट मोजायचा, स्टुअर्ट रंगवायचा. तेवढ्यात फ्रेंच वास्तुकार ल रुआ अथेन्सला येऊन थोड्या दिवसांत काम उरकून गेला आणि 1758 मध्ये पुस्तक छापून मोकळाही झाला. स्टुअर्ट-रेव्हेटचा पहिला खंड 1762 मध्ये आला. स्टुअर्टनं त्यात ल रुआच्या मापांतल्या चुका पानोपानी काढल्या. पार्थेनॉनचा खंड यायला आणखी पाव शतक लागलं. तो छापून बाहेर पडला तेव्हा स्टुअर्ट हयात नव्हता.

त्या पानांनी वाचकांना एक धक्का दिला. डोरिक खांब म्हणजे काय हे युरोपातले वास्तुकार रोमन ग्रंथांवरून आणि इटालियन वास्तुकार पालादिओच्या पुस्तकांवरून शिकले होते. तो खांब सडसडीत असे आणि त्याला खाली बैठक असे. ग्रीक डोरिक खांब आखूड, जाड, खाली रुंद आणि वर निमुळता निघाला. बैठक नाहीच, खांब थेट चौथऱ्यावर उभा. अनेकांना तो ओबडधोबड वाटला. रोमवर जीव असलेल्या पिरानेसी या इटालियन चित्रकारानं ग्रीकांच्या या नव्या कौतुकाविरुद्ध जाडजूड ग्रंथ लिहिला. मग आयुष्याच्या शेवटी तो स्वतः दक्षिण इटलीतल्या पेस्टमची ग्रीक देवळं पाहायला गेला आणि त्यानं त्यांची इतकी जबरदस्त चित्रं काढली, की त्या जाड खांबांची बाजू त्याच्याइतकी कोणी मांडली नसेल. स्टुअर्टनं 1758 मध्ये हॅग्ली इथल्या एका लॉर्डच्या बागेत सहा खांबांचं छोटं डोरिक देऊळ बांधलं होतं. ग्रीक डोरिकचं आधुनिक काळातलं हे पहिलं पुनरुज्जीवन.

माती आणि भट्टीच्या जगातही हेच घडत होतं, आणि तिथली गोष्ट मला वास्तुकारांच्या गोष्टीहून अधिक आवडते. विल्यम हॅमिल्टन 1764 पासून नेपल्समध्ये ब्रिटनचा वकील होता. त्याला थडग्यांतून निघणाऱ्या प्राचीन कुंभांचा नाद लागला. संग्रह वाढला तसं त्यानं त्याचं सचित्र पुस्तक काढलं. नव्या कारागिरांना नमुने मिळावेत, हा त्यामागचा उघड सांगितलेला हेतू होता. प्रत्येक कुंभाची मापं दिली, गोल पोटावरचं चित्र सपाट पसरून छापलं. 1772 मध्ये ब्रिटिश म्युझियमनं हा संग्रह विकत घेतला. पुस्तकाची काही पानं त्याआधीच स्टॅफर्डशायरमध्ये जोसाया वेजवुडच्या हाती पडली होती.

वेजवुड कुंभाराच्या घरात जन्मलेला. लहानपणी देवी झाल्या, त्यात उजवा गुडघा कायमचा अधू झाला आणि 1768 मध्ये तो पाय कापावा लागला. कुंभाराचं चाक पायानं फिरवणं तर त्याला आधीपासूनच अशक्य होतं, म्हणून तो घडवण्यापेक्षा मातीचे आणि झिलईचे प्रयोग करण्यात रमला. 13 जून 1769 ला त्याचा नवा कारखाना सुरू झाला. त्या दिवशी वेजवुड स्वतः चाकाशी बसला आणि त्याचा भागीदार टॉमस बेंटली यानं चाक फिरवलं. काळ्या बसाल्ट मातीचे सहा कुंभ घडवले गेले. त्यांवर लाल रंगात हॅमिल्टनच्या पुस्तकातल्या हर्क्युलीसच्या आकृती रंगवल्या आणि इट्रुरियाची कला पुन्हा जन्माला येत आहे, अशा अर्थाचं लॅटिन वचन लिहिलं. कारखान्याचं नावही त्यानं इट्रुरिया ठेवलं, कारण हॅमिल्टनच्या संग्रहातले कुंभ इटलीच्या प्राचीन एट्रुस्कन लोकांचे असा तेव्हा समज होता. ते बहुतेक ग्रीक कुंभारांचे होते. नावाची चूक कायम राहिली, आणि पुढे कामगारांच्या वस्तीलाही तेच नाव मिळालं.

पुढची काही वर्षं वेजवुड एका अशा मातीच्या मागे लागला, जिच्यात रंग आतपर्यंत मुरेल आणि जिला झिलई लागणार नाही. हजारो तुकडे भाजले गेले, प्रत्येकावर क्रमांक, वहीत प्रत्येकाची कृती. त्यातून जास्पर निघालं, फिक्या निळ्या अंगावर पांढऱ्या उठावाच्या आकृत्यांचं. निळ्यावर पांढरं हा रंगमेळ प्राचीन ग्रीक कुंभांचा नव्हे. पण आज सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे ‘ग्रीक’ म्हणून जे येतं त्यात वेजवुडचा वाटा मोठा आहे. याच जास्परमध्ये 1787 साली त्यानं गुलामगिरीविरोधी चळवळीसाठी एक पदक काढलं. साखळदंडातला, गुडघ्यावर बसलेला, हात जोडलेला आफ्रिकी माणूस. बायका ते गळ्यात घालत, पुरुष तपकिरीच्या डबीवर बसवून घेत. देवदेवतांसाठी सिद्ध केलेली ती उठावाची रीत तिथं जितक्या थेटपणे माणसाच्या बाजूनं बोलली तितकी क्वचितच कुठं बोलली असेल.

रॉबर्ट अ‍ॅडम या स्कॉटिश वास्तुकारानं 1757 मध्ये एड्रियाटिक किनाऱ्यावर स्प्लिटला जाऊन डायोक्लेशियन बादशहाचा राजवाडा पाच आठवड्यांत मोजून काढला. तिथल्या व्हेनिशियन सुभेदाराला तो हेर वाटला होता. 1764 मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि मग इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या घरांमध्ये अ‍ॅडमची पातळ, नाजूक गिलाव्याची नक्षी पसरली. त्याचं एक घर म्हणजे डर्बीशायरमधलं केडलस्टन हॉल. त्याच्या आराखड्यावरून चार्ल्स वायटनं कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाऊस बांधलं, 1803 मध्ये. आणि केडलस्टनमध्येच जन्मलेला कर्झन पुढे व्हॉइसरॉय होऊन त्या वास्तूत राहायला आला.

पॅरिसमध्ये या शैलीचं नशीब वेगळंच निघालं. तिथं ती राजाची होती, करवसुली करणाऱ्यांची होती आणि क्रांतिकारकांचीही होती, आणि ते सगळं एका पिढीभरात. वास्तुकार सूफ्लोनं आखलेल्या सेंट जेनेव्हिएव्हच्या मोठ्या चर्चची पायाभरणी पंधराव्या लुईनं 1764 मध्ये केली. ते पुरं होईतो क्रांती झाली आणि 1791 मध्ये त्याचं पाँतेओँ, म्हणजे राष्ट्रातल्या थोरांचं समाधिस्थान झालं. त्याआधी क्लोद-निकोला लदू या वास्तुकारानं शहराला वेढणाऱ्या जकातीच्या नव्या भिंतीवर पन्नासच्या आसपास नाकी बांधायला घेतली. जाड खांब, खडबडीत दगड, देवळाचे माथे, आणि आत कारकून शहरात येणाऱ्या दारूच्या पिंपांवर कर मोजणार. लोकांनी त्यातली बरीच 12 आणि 13 जुलै 1789 ला जाळली, बास्तीय पडण्याच्या आधी. ग्रीक खांब म्हणजे लोकशाहीची खूण, असं जे सर्रास सांगितलं जातं त्याच्याशी ही नाकी जुळत नाहीत.

दाव्हिद रोमला गेला तो रोकोकोच्या हलक्या हातानं रंगवणारा चित्रकार म्हणून. तिथं तो वर्षानुवर्षं जुन्या मूर्ती रेखाटत बसला. वह्या भरल्या. राजाच्या बांधकाम खात्यानं सांगितलेलं ‘होरेशियस बंधूंची शपथ’ हे चित्र त्यानं 1784 मध्ये रोममध्येच पुरं केलं आणि ठरवून दिलेल्यापेक्षा मोठं केलं. त्याच्यासमोर उभं राहिलं की डोळा आधी हातांकडे जातो. तिघे भाऊ डावीकडे, पाय रोवून, हात ताणलेले. मधे बाप, हातात तीन तलवारी. उजवीकडे बायका, एकमेकींवर कलंडलेल्या. त्यांतली एक शत्रुपक्षातल्या घराण्याची मुलगी, एक शत्रूची वाग्दत्त वधू. मागे तीन कमानी आणि बैठक नसलेले कोरे डोरिक खांब. चित्रात एकही वस्तू शोभेसाठी नाही. 1785 च्या सलोंमध्ये ते लागलं आणि फ्रान्सच्या चित्रकलेची दिशा फिरली. ज्या राजसत्तेनं त्याचे पैसे मोजले, त्या राजाला मृत्युदंड द्यावा म्हणून दाव्हिदनं 1793 च्या जानेवारीत मत दिलं. त्याच वर्षी त्यानं न्हाणीच्या टबात खून झालेल्या मारा या क्रांतिकारकाचं चित्र काढलं. मग तुरुंग, मग नेपोलियनची चाकरी, शेवटी ब्रसेल्सला हद्दपारीत मृत्यू.

1790 च्या दशकात पॅरिसच्या बायका ‘ग्रीक’ झाल्या. कंबरेचे सांगाडे गेले, छातीखाली बांधलेला पांढरा, पायघोळ, पातळ झगा आला. त्यातलं सर्वांत तलम कापड ढाक्याची मलमल होतं. संगमरवरी देवतेचा चुणीदार पदर जिवंत बाईच्या अंगावर आणायला बंगालच्या विणकराचं सूत लागलं, ही बाब युरोपच्या कलेतिहासात अजून पुरेशा ठळकपणे लिहिली जात नाही.

अमेरिकेत टॉमस जेफरसननं व्हर्जिनियाच्या विधानभवनासाठी फ्रान्समधल्या नीम शहरातलं रोमन देऊळ आदर्श म्हणून निवडलं, ते छापील चित्रांवरून. वास्तुकार क्लेरिसोच्या मदतीनं आराखडा केला, पॅरिसमध्ये प्लॅस्टरची प्रतिकृती करवून जहाजानं पाठवली. मूळ देऊळ त्यानं 1787 मध्ये, म्हणजे आराखडा आणि प्रतिकृती रवाना झाल्यावर पाहिलं आणि तासन्तास पाहत उभा राहिला. सगळी माणसं समान आहेत असं स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या या माणसाचं माँटिसेलोचं खांबांचं सुंदर घर गुलामांच्या श्रमांवर उभं होतं. ते घर पाहताना हे मनातून काढून टाकू नये असं मला वाटतं.

मग एका टप्प्यावर कागदाच्या जागी खुद्द दगड आला. ऑटोमन दरबारातला ब्रिटिश वकील लॉर्ड एल्गिन यानं 1801 पासून पार्थेनॉनची शिल्पं उतरवून इंग्लंडला पाठवली; 1816 मध्ये ब्रिटिश सरकारनं ती 35,000 पौंडांना घेतली. ज्यांनी विंकेलमानचं शांत, गुळगुळीत ग्रीस मनात बाळगलं होतं त्यांना हे ग्रीस ओळखू येईना. घोड्यांच्या शिरा फुगलेल्या, वस्त्रं ओलसर चिकटलेली, पोटाला खऱ्या मांसाच्या वळ्या. एका नामांकित जाणकारानं तर ही शिल्पं रोमन काळातली आहेत असं सांगितलं. त्या काळचा सर्वांत थोर शिल्पकार आंतोनियो कानोव्हा 1815 मध्ये लंडनला आला तेव्हा मात्र त्यानं मोकळेपणानं कबूल केलं, की हे जिवंत मांस आहे. शिल्पांची डागडुजी करायला त्यानं नकार दिला होता. त्यांना हात लावणं त्याला पाप वाटलं.

रंगाचा प्रश्नही उठला. ग्रीक मूर्ती आणि देवळं रंगवलेली असत, याचे पुरावे फ्रेंच विद्वान कात्रमेर द कँसी यानं 1815 च्या सुमारास मांडले, पुढे वास्तुकार हिटोर्फनं रंगीत आराखडेच काढले. लोकांनी ऐकून घेतलं, मानलं नाही. पांढऱ्याचा मोह इतका खोल गेला होता, की 1930 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनची काही शिल्पं आणखी पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी खरवडली गेली. अडीच हजार वर्षं टिकलेला दगडाचा वरचा थर त्यात गेला.

आता जॉन फ्लॅक्समन, ज्याच्यामुळे ही गोष्ट एका मराठी दरबारापर्यंत येते. प्लॅस्टरच्या मूर्ती विकणाऱ्याचा हा मुलगा 1775 पासून वेजवुडसाठी नमुने करत असे. पुढे रोममध्ये राहिला आणि 1793 मध्ये होमरच्या महाकाव्यांवरची त्याची चित्रं छापून आली. नुसत्या बाह्यरेषा. छाया नाही, रंग नाही, पार्श्वभूमी जवळजवळ नाही. कुंभांवरच्या आकृत्या कागदावर आल्या, तिथून या रेषा निघाल्या, आणि त्या आता युरोपभरचे चित्रकार गिरवू लागले. कागदानं या शैलीला काय दिलं ते पाहायचं असेल तर फ्लॅक्समनचं एखादं छापील चित्र पाहावं. एका रेषेत खांदा, दंड, कोपर, सगळं वजनासकट उभं राहतं.

तंजावरचे तुळजाजी भोसले 1787 मध्ये वारले तेव्हा त्यांनी दत्तक पुत्र सरफोजींना जर्मन मिशनरी श्वार्ट्झच्या हाती सोपवलं होतं. श्वार्ट्झनं त्या मुलाला शिकवलं, त्याच्या वारशासाठी कंपनीशी भांडला. 1798 मध्ये श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. मोडी आणि देवनागरीबरोबर इंग्रजी वाचणारा, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारा, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेणारा हा राजा. त्यानं आपल्या गुरूचं स्मारक लंडनच्या फ्लॅक्समनकडून करवून घेतलं. तंजावरच्या चर्चमध्ये तो संगमरवरी उठाव आहे. श्वार्ट्झ अंथरुणावर, आणि शेजारी सरफोजी त्याचा हात हातात घेऊन. प्राचीन थडग्यांवर निरोपाचे प्रसंग जसे कोरत, तशी ही मांडणी. फ्लॅक्समननं तंजावर पाहिलं नव्हतं, सरफोजींनी लंडन पाहिलं नव्हतं. तरी शिष्याचा तो वाकलेला देह पाहिला की या शैलीला थंड म्हणणाऱ्यांशी भांडावंसं वाटतं.

मुंबईत टाऊन हॉल बांधायची कल्पना सर जेम्स मॅकिंटॉशनं स्थापन केलेल्या लिटररी सोसायटीची. पैशासाठी लॉटरी काढली गेली, ती पुरली नाही. बांधकाम 1821 मध्ये सुरू झालं आणि शेवटी सरकारनं खर्च उचलला तेव्हा 1833 मध्ये पुरं झालं. आराखडा कर्नल टॉमस कूपर या लष्करी इंजिनिअरचा. इमारत पुरी होण्याच्या कितीतरी आधी, 1825 मध्ये, तो वारला. गव्हर्नर तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ग्रीक मुळातून वाचणारा माणूस. 1817 च्या खडकीच्या लढाईत पुण्याच्या संगमावरची त्याची रेसिडेन्सी जळाली तेव्हा त्याचा ग्रंथसंग्रहही खाक झाला होता. फोर्टात त्या तीस पायऱ्यांखाली उभं राहून वर पाहावं. आठ डोरिक खांब, खाचा पाडलेले, बैठक नसलेले, थेट चौथऱ्यावर. स्टुअर्ट आणि रेव्हेटनं अथेन्समध्ये जे मोजून कागदावर उतरवलं, ते सत्तर वर्षांत इथवर आलं. अथेन्सच्या देवळात नसलेल्या गोष्टीही त्यात आहेत, खिडक्यांवरच्या लाकडी झडपा आणि ऊन अडवणारी छपरं. मुंबईच्या उन्हापावसानं त्या भाग पाडल्या, आणि इमारत त्यामुळेच राहण्याजोगी झाली. खांब इंग्लंडहून आले होते, आणि जहाजावरून उतरवल्यावर त्यातले काही ठरल्यापेक्षा फार मोठे ठरले, अशी नोंद शहराच्या जुन्या वर्णनांमध्ये मिळते. ते मग भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चला देण्यात आले. आत शिल्पकार चँट्रीनं घडवलेले एल्फिन्स्टन आणि त्याच्यानंतरचे गव्हर्नर माल्कम आहेत, आणि त्यांच्याच पंगतीत पांढऱ्या संगमरवरातले नाना शंकरशेठही आहेत. लंडनच्या मॅथ्यू नोबलनं ते घडवले.

टाऊन हॉलनंतर मुंबईत ग्रीक खांबांचा काळ फार टिकला नाही. 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं किल्ल्याचा तट पाडला, कापसाचा पैसा आला, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर टोकदार कमानींची गॉथिक इमारत ही नवी पसंती झाली. विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यानं लंडनमध्ये बसून काढले आणि बोटीनं पाठवले. तोही हिंदुस्थानात कधी आला नाही.